गिअरचा नॉब आणि एक दाइजोबु

रविवार संध्याकाळ, इचिकावा

मस्टँग गेली. पुढच्या महिन्यात कायमचं पुण्याला परतायचं, म्हणून अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मीच ती दान दिली. त्याचा राग नाही. राग नॉबचा आहे.

गिअरचा तो शिसवी नॉब बाबांनी या गाडीसाठी स्वतः लेथवर कातून पाठवला होता. त्यांच्या हातची शेवटची वस्तू. सकाळी संस्थेच्या मोरीसाननी जपानीत विचारलं, "हा काढून देऊ का?" मी ऐटीत म्हणालो, "दाइजोबु देस." म्हणजे चालेल, काढा. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि नॉबसकट गाडी घेऊन गेले.

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, असं विचारल्यावर दाइजोबु म्हणजे 'नको'. एवढंपण माहीत नाही?" नऊ वर्षं काढली इथे. नऊ वर्षं मीटिंगमध्ये हाच शब्द फेकतोय. कोणाकोणाला काय काय नको म्हणालो असेन, देव जाणे. गाढव आहे मी.

फोन करून मागतो म्हटलं, तर बायको म्हणते, "दान दिलेलं परत मागणार? शोभतं का?" अगं, नॉब मी दान दिलाच नव्हता. कोणाला पटवू हे?

आत्ता मोरीसानचाच फोन आला. आभार मानून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "गाडीत तुमचं काही राहिलं नाही ना?"

आणि या वेळी अर्थ पक्का माहीत असताना मी म्हणालो, "दाइजोबु देस."