दुधाची हमी

ता. ९ जानेवारी

चि. खारूस, आजीचे पोतंभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. नडगीच्या हाडाला पुन्हा केसाएवढी चीर गेली हे वाचून हातातला घास ताटात टाकला. वर्षात दुसऱ्यांदा! तुझे आजोबा मागच्या साली शिडीवरून फरशीवर आदळले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि धोतर झटकून उठले. डॉक्टर म्हणाले, हाडं तरण्याची आहेत. आणि तू सोळा वर्षांची, सपाट मैदानावर पळतेस, तरी तुझं हाड तडकतं? कुणाची दृष्ट लागली म्हणावं तर तुला पाहायला तिथे आहे कोण, सगळ्या तर पुढे बघून पळणाऱ्या.

पण एका गोष्टीने मी फार खूश आहे. तुमच्या क्रीडा वसतिगृहाच्या डॉक्टरांचा कागद आला, मुलगी लहानपणापासून काय खाते-पिते ते कळवा म्हणून. तुझी आई कामावर जायच्या घाईत 'सगळं नीट' एवढं खरडून मोकळी होत होती. मी कागद ओढून घेतला. म्हटलं, पोरीला भरवलं कोणी? चौथीत शाळा सुटल्यापासून मला कोणी काही लेखी विचारलंच नव्हतं गं! दोन पानं लिहिली. माझी नात पाचव्या वर्षापासून रोज सकाळी भरला ग्लास दूध पिऊन मगच पळायला जायची, वसतिगृहात जाईपर्यंत अकरा वर्षांत एक खाडा नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, अशी हमीच दिली. खाली सही ठोकली. सही इतकी ऐसपैस झाली की थोडी टेबलावरही गेली.

शेजारच्या शिवणवाल्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांची मुलगी खुरटी, दुधाला नाक मुरडते. मी म्हटलं, माझी खारू बघा आणि पाजा.

पाय टेकू नकोस. लोभ आहेच, तो वाढू दे. उंची मात्र पुरे, दारं बदलावी लागतील.

तुझी आजी

ता. २२ जानेवारी

ती. आजीस, सा. न.

आजी, तू रागावणार आहेस, तरी लिहिते. रविवारच्या पाच मिनिटांच्या फोनवर हे जमलं नसतं. मागे सहा जणी खोळंबलेल्या असतात.

डॉक्टरांनी तुझं पत्र वाचलं आणि दुधाचा प्रश्नच मिटवला. म्हणाले, मग कारण दुसरीकडे शोधू. तीनदा रक्त काढलं. जे शोधतात ते सापडत नाही. त्यावरून कोचबाईंनी ठरवलं की मी सांगितल्यापेक्षा जास्त, चोरून पळते. माझ्या नावापुढे 'शिस्त नाही' असं लिहिलंय. वीस फेब्रुवारीला संघाची यादी लागेल. त्यात नाव नसलं तर वसतिगृह सोडायचं. मी पाय बांधून खाटेवर पडले आहे. चोरून पळायला आधी चालता तर यायला हवं ना!

आता खरं सांगते. मी दूध कधी प्यायलेच नाही. प्यायले की पोट गुडगुडतं, पळताना कळा येतात. पाच वर्षांची असताना तुला सांगितलं होतं, तू म्हणालीस, नाटकं. मग आजोबा मागच्या पायरीवर माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचे तेव्हा ग्लास तेच संपवायचे. तू आत गॅसपाशी असायचीस. गेल्या जूनमध्ये इथे आल्यापासून दही, चीजसुद्धा भीतीने सोडलं. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, दूध न सोसणाऱ्यांना दही, चीज बऱ्याचदा चालतं. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय त्यांना माझं ताट बदलता येत नाही.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडून तुझी सही दाखवली. कोचबाई म्हणाल्या, सुटायला आता आजीला खोटं पाडतेस? आजी, इथे माझ्या तोंडापेक्षा तुझ्या सहीला वजन आहे. त्यांना खरं लिही. प्लीज.

आजोबांना फार बोलू नकोस.

तुझी खारू

ता. २७ जानेवारी

खारे, आशीर्वाद मागाहून. आधी डोकं थंड होऊ दे.

तुझ्या आजोबांना पायरीवरच गाठलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणाले. मग म्हणाले, पोर रडायची, आणि दूध ओतून देणं माझ्या जिवावर यायचं. अकरा वर्षं! ह्यांच्या मिशा मुळातच पांढऱ्या, साय लागली तरी दिसणार कशी? तरण्याची हाडं म्हणे! मी साय जपून तुझ्या ग्लासात घालायची आणि फुटली ती ह्यांना पालवी.

ह्यांचा राग आला, तुझा आला, दुधाचाही आला. भांडी इतकी आपटली की तुझी आई म्हणाली, डॉक्टरांना ऐकू जाईल. मग शिवणवाल्या बाई आल्या. माझ्या शब्दाखातर त्यांनी पोरीला आठवडाभर पाजलं, तिने सगळं कोऱ्या कापडावर ओकलं. मी चहा पुढे केला, पण मान वर करवेना.

डॉक्टरांना चारदा लिहिलं, चारदा फाडलं. प्रत्येक कागदात शेवटी मीच शहाणी ठरत होते. पाचवा सोबत जोडला आहे. आधी तू वाच, मग दे. कोचबाई तिथे असतील तेव्हाच दे.

राग उतरला नाही, लोभही उतरलेला नाही. दोन्ही नांदतील.

तुझी आजी

ता. २७ जानेवारी

रा. रा. डॉक्टरसाहेबांस, खारूच्या आजीचा नमस्कार.

मागच्या पत्रात मी दुधाची हमी दिली होती. ती मागे घेते. डोळ्यांनी पाहिलं असं लिहिलं होतं. भरलेला ग्लास पाहिला, रिकामा ग्लास पाहिला. मधलं पाहिलं नाही. दूध तिचे आजोबा प्यायले, म्हणून खाली त्यांचीही सही घेतली आहे.

दही, चीज किती आणि कसं द्यायचं ते आपण ठरवा, मी सुचवणार नाही. माझं सुचवून झालं. फक्त आहारवाल्या बाईंना ते लवकर लिहून द्या. आणि मुलीच्या नावापुढचे ते दोन शब्द खोडायला सांगा. ते लिहायचेच असतील तर माझ्या नावापुढे लिहा.

पाच वर्षांची असताना तिने मला सांगितलं होतं, दुधाने पोट दुखतं. हे मला आठवत होतं. तरी तुमच्या कागदावर मी ते लिहिलं नाही.

मुलगी आज खरं बोलते आहे. तेव्हाही खरंच बोलत होती.

आपली,
मुलीची आजी

(सही) मुलीचे आजोबा