न चाखलेलं पाणी

१४ मार्च

टाकी खारट झाली! दोनशे लिटर, सगळंच्या सगळं. शिंप्याने चहाचा घोट घेतला आणि थुंकला. आमची शिडं तोच शिवतो, हसवायचं कामही त्याचंच. आज हसला नाही.

लिहूनच टाकतो. समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन माझ्याकडे आहे. रोज सकाळी सुरू करायचं, पाणी आधी बाहेर सोडायचं, चमचाभर चाखायचं, गोडं लागलं तरच कॉक टाकीकडे फिरवायचा. आज वरून आरडाओरडा झाला — शर्यतीतली आमच्या पुढची बोट दिसली! अकरा दिवसांत पहिल्यांदा! मी न चाखता कॉक फिरवला आणि वर पळालो. मशीनच्या आतला पडदा फाटला होता. तासभर टाकीत खारं पाणी जात राहिलं.

ताई कप्तान. सख्खी बहीण, पण बोटीवर फक्त कप्तान. तिने विचारलं, "न चाखता कॉक कोणी फिरवला?"

"मी तर पाणी बाहेर सोडूनच वर आलो." असं म्हणालो मी! इतक्या सहज, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

मास्तर कपाळाला आठ्या घालून उभे होते. "चहाला खाली मीच होतो... माझ्या हातून फिरला की काय?"

मी खाली वाकून सांडलेला चहा पुसायला लागलो.

१५ मार्च

माणशी दिवसाला एक लिटर, राखीव कॅनमधलं. सहा माणसं, अजून नऊ दिवस. "तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते हेच!" — शिंपी. सगळे हसले. मास्तर सोडून.

१६ मार्च

मला आणि ताईला शिडाची दोरी धरायला मास्तरांनीच शिकवलं. मी आठ वर्षांचा होतो. आता ते सत्तरीला टेकलेत. निघताना मास्तरांच्या पत्नी, काकू, धक्क्यावर ताईला म्हणाल्या, "हल्ली विसरतात गं. गॅस चालू ठेवतात. जरा लक्ष ठेव." मास्तरांनी ते ऐकलं आणि भडकले. "या शर्यतीत माझी एक जरी चूक झाली ना, तर परत बोटीवर पाय ठेवणार नाही!"

मी तिथेच उभा होतो, सगळं ऐकत. तरी परवा तोंड उघडलं नाही. स्वतःची लाज वाटते. नुसती वाटते, बाकी काही करत नाही मी.

१८ मार्च

ताईने मास्तरांना सुकाणूवरून उतरवलं. "थोडी विश्रांती घ्या, मास्तर." त्यांची पाळी मला दिली! चाक अजून त्यांच्या हातांनी कोमट होतं.

आज सांगायचं ठरवलं होतं. पण वारा छान होता, सगळे खुशीत होते — राहिलं. म्हणे वारा छान होता! काय एकेक कारणं शोधतोय मी.

१९ मार्च

मास्तर आपल्या वाटणीतलं अर्धं पाणी माझ्या बाटलीत ओततात. "माझ्यामुळे तुम्हा पोरांचे हाल."

मी प्यायलो.

२१ मार्च

त्यांनी एक वही केली आहे. दात घासले. गोळी घेतली. जॅकेटची चेन लावली. प्रत्येकापुढे वेळ. पुन्हा पुन्हा मला विचारतात, "दोरी बांधली ना मी? तू पाहिलंस ना?" बांधलेली असते. दर वेळी, अगदी पक्की. चांगल्या धडधाकट माणसाचं काय करून ठेवलं मी!

उद्या सांगणार. जेवताना, सगळ्यांसमोर. ताईने परत कधी बोटीवर घेतलं नाही तरी चालेल.

२२ मार्च

सांगितलं. चमचा, पुढची बोट, कॉक, खोटं — सगळं. बोलताना रडलो.

मास्तर हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. माझा हात हातात घेतला. "नको रे बाळा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मला आता लख्ख आठवतंय. डाव्या हातात चहाचं पातेलं होतं, उजव्याने फिरवला. जरा घट्ट होता."

ताईचे डोळे भरून आले. शिंप्याने माझी पाठ थोपटली. "मनाचा मोठा आहेस हं!"

कॉक घट्ट नाही. एका बोटाने फिरतो.