पिशवी बाहेर ठेवा

ताईले अकोल्याहून देवानंदचा नमस्कार.

खोली सुटली, रातचं स्टँडवर भागते. दिवसभर वाचनालयात पंख्याखाली पेपर वाचत बसतो. घोर करू नको.

काल नवा शिपाई म्हणे, "पिशवी बाहेर ठेवा, नाही तं निघा."

मी म्हटलं, "बाकीच्यायची पिशवी असन, हे माहं घर आहे. घर कोनी रस्त्यावर ठेवते काय?"

सारे पेपर खाली ठेवून पाहून राहिले. ग्रंथपाल मॅडम उठल्या. त्यायनं कपाटातला कुलपाचा एक कप्पा रिकामा करून मले देला.

मोर्शीत संत्र्याले बहार आला काय? भाऊजीचा गुडघा कसा आहे?

तू म्हटलं होतं, घर भेटलं की कळवजो. घर तं भेटलं नाही अजून. पण ताई, माह्या खिशात किल्ली आहे!

तुहा किल्लीवाला भाऊ,
देवानंद