म्हसोबाची जागा

निघोजे,
बुधवार, ९ जुलै २०२५

ती. दादास,

स्नेहलचा नमस्कार. नागपुरात तुम्ही सगळे बरे असाल. तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवला, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण जेवण नीट आहे.

मी गेल्या वर्षापासून गावाचा नकाशा करतेय, हे तुला माहीत आहे. सोबतीला दोघं आहेत: निरंजन शहररचना शिकलेला, दिव्या चित्रकार. दोघांच्या मागे कुठलीही संस्था नाही. रविवारी गावातल्या एकेका माणसाबरोबर चालायचं. आज गोदाम, पार्किंग, कामगारांच्या खोल्या आहेत तिथे पूर्वी काय होतं, ते दिव्या मांजरपाटाच्या कापडावर रंगवते. नियम दोनच. माणसाने स्वतः उभं राहून दाखवलेलीच जागा घ्यायची, आणि नोंदी पक्क्या करण्याआधी देवळात सगळ्यांसमोर वाचायच्या. दुसरा नियम मी सुचवलेला.

शेजारच्या मारुतरावांनी त्यांचा गोठा दाखवला. तिथे आता जिम आहे. म्हणाले, "आमची बैलं फुकट वझं वढायची. ही पोरं पैसं भरून वढत्यात."

जूनमध्ये आई आली. आपल्या रानात आलेल्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन तिला ओळखतो. दर आखाडात मंगळवारी ती नारळ घेऊन जातेच. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी उभी राहून म्हणाली, "ह्यो आमच्या बांधावरचा म्हसोबा. रान गेलं, पर ह्यो जागचा हलला न्हाई. लिही." मी लिहिलं.

परतताना निरंजन हळूच म्हणाला, "ताई, तो दगड घडवलेला आहे. मोजणीचा वाटतो." 

दादा, २००६ साली जेसीबीने बांध सपाट केला, तेव्हा तू एकटा तिथे होतास. दुसऱ्या दिवशी हाच म्हसोबा म्हणून तू आईला मोजणीच्या दगडापाशी नेलंस. तिने विचारलं, "असा बुटका कसा झाला?" तू म्हणालास, "भर पडलीय ना." मी नारळ धरून उभी होते. वाटेतच तू मला सगळं सांगितलं होतंस.

आता जे सांगायचं टाळतेय ते सांगते. वहीत आईच्या वाक्याखाली मी लिहिलं: "हा मूळ दगड नाही. मूळ दगड सपाटीकरणात गेला. दादाने हा दाखवला. मला माहीत होतं." खरं तेच लिहावं म्हणून लिहिलं, असं म्हणता येईल. पण ते वाचलं जाणार, हेही मला माहीत होतं. तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून नियमाकडून सांगून घेतलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी दिव्या ओळीने वाचत गेली आणि तेही वाचून गेली. आई समोरच बसली होती.

"शेखर बोलला व्हता असं?"

"हो."

"आन् तू?"

"मी तिथेच होते."

ती मारुतरावांना म्हणाली, "उठा, च्याची येळ झाली."

तेव्हापासून ती माझ्याशी भाजी, गॅस, पाणी एवढंच बोलते. दात काढल्यावर बधिर गाल दाबून पाहावा, तसं मी स्वतःला तपासते. अजून काही जाणवत नाही. आखाडाचे दोन मंगळवार गेले, ती गेली नाही. काल भाकरी थापताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दगडाला एकोणीस वर्सं शेंदूर लावला, त्येचा काय दोष न्हाई. पर निवद कुनीकडं तोंड करून दावायचा, त्ये तरी कळू दे. शेखरला इचार. त्यानं बघितलंय."

कापडावर तेवढी वीतभर जागा कोरी ठेवली आहे. मला ती भरता येत नाही, कारण मी पाहिलेलं नाही. बावीस तारखेला आखाडातला शेवटचा मंगळवार आहे. तू ये. गेटवर तुझं नाव सांगून ठेवते.

आठवत नसेल, तर आठवत नाही असं तिला समोर उभं राहून सांग. पण तिला बरं वाटावं म्हणून आणखी एखादी जागा दाखवू नकोस. दाखवलीस तर या वेळी मी तिथल्या तिथे बोलेन, असं लिहिते आहे. जमेल की नाही, ठाऊक नाही.

नारळ आणून ठेवला आहे.

तुझ्याबरोबर गप्प राहिलेली,
स्नेहल