ट्रेलरची चावी

तीर्थरूप बाबांस हिमानीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून राहिली. पुण्यात मी मजेत आहो, पण ट्रक शिकवणाऱ्या सरांनी डोकं खाल्लं. वर्गात मी एकटी पोरगी, म्हणून तीन आठवडे नुसतं बाजूच्या सीटवर बसवलं. काल चिडून म्हटलं, "सर, मी सौसरहून बघायले नाही आली." तेव्हा कुठे चावी दिली. ट्रेलर मागे घेताना खुणेचा खांब पाडला, सगळे हसले. मी उतरलीच नाही. दुसऱ्यांदा ट्रेलर बरोबर लावला.

आई सांगते, मोतीबिंदू असून तुम्ही संत्र्यांची गाडी नागपूरले नेऊन राहिले. समोरचा माणूस ओळखू येत नाही, तरी काऊन ऐकत नाही? आधी ऑपरेशनची तारीख घ्या. माझं लायसन येईपर्यंत गाडी अंगणात राहू द्या. पुढची खेप मी नेईन.

तुमच्यावर रागावलेली,
हिमानी