नावेच्या खेळाला दुसरं माणूस

शहादा, रविवार संध्याकाळ

आज नावेचा खेळ संपला. अजून खरं वाटत नाही.

जुन्या कन्सोलच्या सगळ्या कॅसेटी मोबाईलवरून लाईव्ह दाखवत खेळून संपवीन, असं मी जाहीर करून बसले. पण हा खेळ दोघांचा आहे हे तेव्हा पाहिलंच नव्हतं. एकाकडे डावं वल्हं, दुसऱ्याकडे उजवं. आठवडाभर दोन्ही रिमोट मीच धरले आणि रोज नाव खडकावर आपटली. काल तर वाटलं, सोडूनच द्यावं सगळं. कोण बघतं एवढं?

आज आई चहा ठेवायला आली आणि चक्क थांबली. बाबा गेल्यापासून टीव्हीच्या खोलीत ती थांबतच नाही.

"अशी नाव चालस का?" म्हणाली आणि एक रिमोट काढून घेतला. तापीकाठचं प्रकाशा गाव तिचं माहेर, तिचे वडील तिथे नदीवर नाव चालवायचे. मी कशी विसरले हे?

"घाई नको करू. मी मारसू, मंग तू मार."

बटण एवढं दाबायची की अंगठा लाल झाला. कमेंटमध्ये कुणी लिहिलं, "मावशी, खडक!" मी वाचून दाखवलं, तर मोबाईलकडे बघून म्हणाली, "दिखस ना भाऊ माले!"

चौथ्या वेळी नाव काठाला लागली. आई हसली. किती महिन्यांनी? तिच्या लाल अंगठ्यावर बर्फ धरायला गेले, तर हात ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे ते. दोन जनस्ना आखो कोनता खेळ शे?" दोघांचा आणखी एक खेळ हवा होता तिला.