बुडालेल्या नगरीचे रस्ते

६ जानेवारी

नकाशा परत आला! सरांनी लाल पेनाने एवढंच लिहिलंय – ‘रस्ते अजून ठळक कर.’ अजून किती ठळक करू? निळ्या समुद्रात चार काळे पट्टे आधीच बोंब मारताहेत. आता त्यांच्यावरून गाड्या सोडायच्याच काय त्या बाकी आहेत.

महिनाअखेरीला परिषद. बुडालेल्या नगरीवर सर बोलणार, मागच्या पडद्यावर माझा नकाशा. परिषद झाली की माझा प्रबंध विद्यापीठात जाणार. विषय – नगरीची रस्तेरचना. सरांनीच दिलेला. सुरू केला तेव्हा नवीन लग्न झालं होतं. आता मुलगी शाळेत जाते आणि मी अजून ‘झालाच, झालाच’ म्हणतेय.

८ जानेवारी

बंदर कार्यालयातल्या साहेबांचा पुन्हा फोन. त्यांना गाळ उपसून बंदर खोल करायचंय. पण नगरी त्याच जागी असेल तर उपसता येत नाही. ‘‘मॅडम, आहे की नाही ते एकदाचं लिहून द्या हो. जहाजं बाहेर ताटकळताहेत.’’ मी म्हटलं, सरांना विचारा. सर म्हणतात, तिला विचारा. माझा नुसता फुटबॉल झालाय.

१० जानेवारी

सासूबाईंनी जिन्यातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय – ‘आमच्या सूनबाईने त्या नगरीचे रस्ते शोधून काढले.’ नगरीची गोष्ट सगळ्यांना पाठ. राजाने समुद्राकडून जमीन मागून घेतली, परत द्यायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवलं, मग समुद्र स्वतःच येऊन घेऊन गेला. सोन्याची दारं, हस्तिदंती खिडक्या, काय काय! तळमजल्यावरच्या काकू विचारत होत्या, बाजार कुठे भरायचा? मी म्हटलं, अजून सापडला नाही. सासूबाई लगेच – ‘‘सापडेल हो. चिवट आहे ती.’’

बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू?

१३ जानेवारी

असं होऊच शकत नाही.

नकाशा जरा भारदस्त दिसावा म्हणून त्यावर समुद्राचा तळ मोजणाऱ्या बोटीची वाट काढायला गेले. ही माहिती वेगळ्या फाइलमध्ये पडून असते. नकाशावर ती कोण कशाला काढेल? त्या भागात बोटीने चार फेऱ्या मारल्या होत्या – शेत नांगरल्यासारख्या, सरळ जायचं, वळायचं, सरळ यायचं. चार पांढऱ्या रेघा काढल्या आणि चारही रस्ते गायब! बरोबर त्यांच्याखाली झाकले गेले. रेघा पुसल्या, रस्ते आले. काढल्या, गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं माझा माउस बिघडलाय.

गोष्ट इतकी साधी आहे की संताप येतो. यंत्र फक्त बोटीच्या खालची खोली मोजतं. दोन फेऱ्यांच्या मधला तळ संगणक आजूबाजूच्या जुन्या, विरळ मोजणीवरून अंदाजाने भरून काढतो. त्या दिवशी कुणीतरी भरती-ओहोटीचा हिशोब चुकवला, म्हणून बोटीखालचा तळ आहे त्यापेक्षा हातभर खोल नोंदला गेला. नकाशावर उमटले चार सरळ चर. सर म्हणाले, रस्ते. मी म्हटलं, रस्ते. सगळे म्हणाले, वा!

नगरीचे रस्ते म्हणजे आमच्याच बोटीची वाट.

१४ जानेवारी

सरांना दाखवलं. चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मग म्हणाले, ‘‘तू दमली आहेस. रजा घे चार दिवस.’’

मी पुन्हा रेघा काढून दाखवल्या. तर म्हणतात, ‘‘उलट हे बघ, बोटवाल्याने नकळत रस्त्यांचाच माग धरला असेल!’’

पाण्यावरून! खाली काहीही दिसत नसताना! फाइल उचलली आणि बाहेर आले. दार आपटलं नाही याचंच आता वाईट वाटतंय.

१५ जानेवारी

भांडी घासली. आदळआपट करून घासली.

१८ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग प्रबंधाचं काय?’’

‘‘गेला पाण्यात.’’

त्याला हसू आलं. मग माझा चेहरा पाहून माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन स्वतःच ओटा पुसायला लागला. सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘म्हणजे रस्ते नाहीतच? अगं, मग इतकी वर्षं तू बघत काय होतीस?’’

चिडून म्हणाल्या असत्या तर भांडले असते. त्यांनी खरंच विचारलं होतं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

२२ जानेवारी

सरांनी बोलावून घेतलं. दार लावून घेतलं, स्वतः चहा ओतून दिला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार.

‘‘परिषद पार पडू दे. तुझा प्रबंध मी मार्गी लावतो, ती जबाबदारी माझी. मग सावकाश बघू हे रेघांचं.’’

‘‘सर, प्रबंध खोटा आहे.’’

‘‘खोटा कशाने? तू काय मुद्दाम केलंस?’’

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पदवी मिळेल, नोकरी पक्की होईल, हे ओझं एकदाचं उतरेल. फक्त तोंड बंद ठेवायचं. मोठी झाल्यावर मुलीने तो प्रबंध उघडला तर? हट! कोण उघडतंय? ही पुस्तकं कपाटात जातात ती कायमचीच.

पण मग सरांचा सगळा जन्म, माझी ही वर्षं, उद्या येणाऱ्या पोरांची वर्षं, सगळी त्या बोटीच्या मागे मागे जाणार! नाही. मला जमणार नाही. प्रचंड राग येतोय – बोटीचा, सरांचा, त्या हिशोब चुकवणाऱ्या अज्ञात महाभागाचा. सगळ्यात जास्त माझा.

३० जानेवारी

झालं एकदाचं.

सर बोलत होते छान. ते नेहमीच छान बोलतात, तीच तर पंचाईत आहे. ‘‘आणि आता नगरीचे राजरस्ते,’’ म्हणाले आणि माझ्याकडे बघून हात केला. मी नकाशा लावला. मग पांढऱ्या रेघा लावल्या. मग काढल्या, पुन्हा लावल्या. माइक घेऊन चार वाक्यांत काय ते सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं.

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग सगळं सभागृह! सर पडद्यावर ठिपका पाडायचा तो लाल दिवा हातात घेऊन तसेच उभे. ठिपका कुठेतरी छतावर थरथरत होता. मला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय!

बाहेर जिन्यात गाठलं त्यांनी. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. हळू आवाजात म्हणाले, ‘‘रस्ते नसतील. मान्य. पण म्हणून नगरी नव्हती, असं कुठे ठरतं?’’

‘‘सर, आता पुरे झालं हो!’’ मी म्हटलं. सगळ्यांसमोर. चढ्या आवाजात.

४ फेब्रुवारी

सरांना नगरीच्या शोधसमितीतून काढलं. बंदराला अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. साहेब फोनवर म्हणाले, ‘‘मॅडम, दोन ओळी पुरेत, पण गोळमोल नको.’’

गोळमोल तर मलाही नको होतं. इतकी वर्षं ‘संभवतः’, ‘बहुधा’, ‘असे मानण्यास जागा आहे’ लिहून बोटं झिजली. बसल्या बैठकीला लिहून टाकलं – ‘सदर भागात मानवी वस्तीची कोणतीही खूण नाही.’ चर दुरुस्त केलेला नकाशा जोडला. एकदम सपाट. कुठे ओरखडा म्हणून नाही. सही ठोकली. इतकं स्वच्छ वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं!

नवऱ्याने वाचलं. ‘‘जरा जास्त ठाम नाही का?’’

‘‘तू सरांकडे कामाला लागलायस का?’’ मी म्हटलं.

७ फेब्रुवारी

सर खोली रिकामी करायला आले होते. पुस्तकं नेली, भिंतीवरचं सोन्याच्या दाराचं चित्र नेलं. जाताना खुर्चीवरची उशी मला देऊ लागले – ‘‘ठेव. ही खुर्ची कंबर मोडते.’’ मी नको म्हटलं. त्यांनी ती काखेत धरली आणि चालू लागले. मागून फार म्हातारे दिसले.

घेतली असती तर काय बिघडलं असतं?

१० फेब्रुवारी

गाळ उपसणारं जहाज परवा येणार. त्याआधी आम्ही मोजणीसाठी सोडलेल्या तरंगत्या खुणा गोळा करायच्या, म्हणून बोटीवर गेले होते. दोनदा ओकले. संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणा निघाल्या, एक सोडून. तिची साखळी तळाशी अडकलीय. पाणबुड्या वर येऊन म्हणाला, ‘‘ताई, दगडात गुंतलीय. खाली गढूळ आहे, काही दिसेना. उद्या कॅमेरा घेऊन उतरतो.’’

म्हटलं, सोडून दे ना, एका खुणेसाठी कशाला? तर म्हणे, साखळी जहाजाच्या यंत्रात गेली तर माझ्या नावाने शंख करतील. ठीक आहे, उद्या. मला फक्त हे सगळं संपायला हवंय.

११ फेब्रुवारी

विहीर आहे.

फोटो समोर ठेवून लिहितेय. घडीव दगडांचा गोल काठ. पाणबुड्याने हाताने शेवाळ खरवडलं, तर काठावर दोरीने पडलेल्या खाचा निघाल्या. करंगळी जाईल एवढ्या खोल. किती पिढ्या तिथे पाणी ओढलं असेल?

दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये. यंत्राने जिथे कधी पाहिलंच नाही तिथे. तिथला तळ संगणकाने अंदाजाने भरला होता, आणि मी त्यावर सही केली.

बंदरातल्या साहेबांना फोन लावला. धाप लागली होती, तरी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पण मॅडम, काहीच नाही असं तुम्हीच लिहून दिलंय ना?’’